विशेषनामाचे सामान्यनाम केव्हा होते? ‘इसुझू’, ‘टेम्पो’ आणि ‘डिझेल’

धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात वडीगोद्री हे गाव आहे. अंबडकडून येणारा रस्ता येथे महामार्गाला मिळतो. अशा गावातून अहोरात्र वाहने जातात आणि त्यांच्याबरोबर परदेशी नावेही जातात. त्यांपैकी काही नावे भाषेत मुरतात, काही गाडीच्या पाटीवरच राहतात. असे का व्हावे, हा कोशकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

‘इसुझू’ हे नाव पाहावे. जपानमध्ये इसे येथील प्राचीन देवस्थानाजवळून वाहणाऱ्या नदीचे हे नाव. लिपीनुसार त्याचा अर्थ ‘पन्नास घंटिका’ असा होतो. १९३४ मध्ये ते एका मोटारगाडीस दिले गेले व १९४९ मध्ये कंपनीने ते स्वतःस घेतले. मालमोटारी व डिझेल एंजिने ह्यांसाठी ही कंपनी ख्यात आहे. १९५९ मधील ‘एल्फ’ ही हलकी मालमोटार आणि १९८१ मधील ‘ट्रूपर’ ही चारही चाकांना गती देणारी गाडी ही तिची प्रसिद्ध वाहने होत. भारतात हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडर गाडीत तिची एंजिने बसविली गेली. २०१६ मध्ये आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे तिचा कारखाना सुरू झाला. ‘स्वराज माझदा’ने २०११ मध्ये ‘एसएमएल इसुझू’ हे नाव धारण केले. २०२५ मध्ये ती कंपनी मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाकडे आली आणि तिच्या नावातून ‘इसुझू’ गेले.

मराठीला हे नाव उच्चारणे अवघड नाही. ‘झुडूप’, ‘झोप’ ह्या शब्दांतील दंततालव्य झकार आपल्याकडे असल्यामुळे जपानी ध्वनीच्या जवळचा उच्चार नुक्त्यावाचून साधतो. अंत्य उकार दीर्घ लिहिण्याच्या नियमानुसार मूळचा ऱ्हस्व स्वर लेखनात दीर्घ होतो. व्याकरणही आड येत नाही : ‘गाडी’ हा शब्द अध्याहृत धरून ‘इसुझू आली’ असे स्त्रीलिंगी रूप सहज होते. तरीही हे विशेषनामच राहिले.

ह्याउलट ‘टेम्पो’चे झाले. हेही मुळात जर्मनीतील एका वाहनाचे व्यापारी नाव. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने ही तीनचाकी मालवाहू गाडी भारतात रूढ केली. २००५ मध्ये कंपनीने ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतले. परंतु शब्द तोवर तिच्या हातून निसटला होता. आज कोणत्याही कंपनीची हलकी मालगाडी ‘टेम्पो’ होय. ‘टेम्पोत’, ‘टेम्पोवाला’ ही रूपे त्याच्या मराठीपणाची साक्ष देतात. ‘एल्फ’सारखी गाडी वडीगोद्रीच्या रस्त्याने गेली, तरी तिला बहुधा ‘टेम्पो’च म्हटले जाईल.

‘डिझेल’चा प्रवास आणखी लांबचा आहे. रुडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) ह्या अभियंत्याचे एंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. व्यक्तीचे नाव प्रथम यंत्रास, मग त्यास लागणाऱ्या तेलास मिळाले. मराठीत त्या तेलाचा अर्थच मुख्य ठरून शब्द नपुंसकलिंगी झाला : ‘डिझेल संपले’.

ह्या तुलनेतून निष्कर्ष निघतो तो असा. नाव रुजण्यास उच्चाराची सुलभता पुरेशी नसते, आणि मूळ अर्थ कळण्याची तर आवश्यकताच नसते. नव्या प्रकारच्या वस्तूबरोबर जे नाव प्रथम आणि सर्वत्र पोहोचते, ते त्या प्रकाराचे नाव होते; मागाहून आलेल्यास रिकामी जागा सापडत नाही. क्वचित लोकच ती जागा नव्याने निर्माण करतात : २००५ मध्ये आलेल्या ‘टाटा एस’ला ‘छोटा हत्ती’ हे नाव मिळाले, ते असेच.

पारिभाषिक शब्द घडविणारे अर्थाच्या पारदर्शकतेवर भर देतात. तो भर अनाठायी नाही. परंतु शब्द उशिरा पोहोचला तर पारदर्शकता त्यास वाचवू शकत नाही. म्हणून वस्तू गावात येण्यापूर्वीच शब्द तयार असावा. आणि ज्या शब्दाने जागा आधीच घेतली आहे, त्यास कोशात निःसंकोच स्थान द्यावे.