बाळ नसलेली बाळंतीण
(लेखांक ७)

लाखनीच्या आसपास नवजात बाळ अशक्त निघालं की गाडी महामार्गाने भंडाऱ्याकडे धावते. 'काचेत ठेवलंय' एवढा निरोप घरी येतो आणि सगळं घर त्या काचेकडे डोळे लावून बसतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या याच कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचवता आली, १० गेली. सरकारने प्रत्येक घराला पाच लाखांची मदत जाहीर केली. त्या आयांच्या दुधाचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

बाळ गेलं हे शरीराला कळत नाही. वार पडली की दोन-चार दिवसांत पान्हा फुटतोच, मग मूल उपजतमृत असो की तासाभराचं. छाती दगडासारखी होते, ताप चढतो. घरातल्या म्हाताऱ्या बायका फडक्याने करकचून बांधतात. त्याने गाठी धरतात. त्यापेक्षा थंड पाण्याची घडी ठेवावी, ठणका सोसवेल इतकंच दूध काढावं, सगळं रिकामं करू नये, नाहीतर आणखी येतं. दूध आटण्याची गोळी असते, पण रक्तदाब असलेल्या बाईला ती चालेलच असं नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. बाळच नसेल तर काय मोजायचं, म्हणून पाय अडखळतो. माझं म्हणणं एवढंच की, त्याच दिवशी त्याच दारात जावं. रक्तस्राव, ताप, टाक्यांचा त्रास सव्वा महिना तसाच असतो. आणि 'रडू नोको, दुसरं होईल' हे वाक्य उंबऱ्याबाहेर ठेवून जावं. तिच्यासाठी बाळ तेच होतं. नाव ठरलं असेल तर नाव घेऊन विचारावं. तोंड पाहायचं का, हेही तिलाच विचारायला हवं. बहुतेकदा बाप नि भावकीतली दोन माणसं मातीला जाऊन आलेली असतात, तेव्हा ती खाटेवरच असते. त्या बापाकडे तर कुणीच बघत नाही. तो दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीवर दिसतो म्हणून सावरला असं धरतात.

मातृत्व लाभाच्या कायद्यात 'मूल' म्हणजे उपजतमृत मूलही, त्यामुळे प्रसूतीची रजा लागू होते. गर्भपातानंतर सहा आठवडे. रोवण्याच्या मजुरीवर जाणाऱ्या बाईला याचा उपयोग शून्य. तिच्यासाठी शेजारणीने चार दिवस भाकरी टाकणं, हीच रजा. झोप उडाली, जेवण सुटलं, जगावंसं वाटत नाही असं ती बोलू लागली, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे.

पुढच्या आठवड्यात : पुन्हा दिवस राहिल्यावरची भीती.