बदामी भिंत: रंगकार्डावर एक, खोलीत दुसरी का दिसते?

प्रस्तावना
दुकानातल्या रंगकार्डावर फिकट, सौम्य वाटलेला बदामी (बेज) रंग भिंतीवर चढला की पुष्कळदा गडद आणि पिवळट दिसतो. डबा तोच असतो, रंगाऱ्याने भेसळही केलेली नसते. कारण प्रकाशाच्या परावर्तनात आहे.

हा रंग कशाचा बनतो?
बेजचा पाया पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. त्यात पिवळे व लाल लोह ऑक्साइड आणि किंचित काळा मिसळतात. चुन्यात पिवडी घालून भिंती रंगवण्याच्या जुन्या पद्धतीतही पिवळेपणा लोहयुक्त मातीचाच. झाशीत याच मातीला रामरज म्हणतात. लोहाची ही रंगद्रव्ये निळा प्रकाश जास्त शोषतात आणि लाल-पिवळा जास्त परत पाठवतात. म्हणून रंग उबदार भासतो.

वारंवार परावर्तन
समजा, एक छटा लाल प्रकाशाचा ०.७५ आणि निळ्याचा ०.५० भाग परावर्तित करते.

पहिले परावर्तन: ०.७५ ÷ ०.५० = १.५
दुसरे परावर्तन: (१.५)² = २.२५

कार्डावर आपण मुख्यतः पहिले परावर्तन पाहतो. खोलीत एका भिंतीवरचा प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा परततो. प्रत्येक फेरीत निळा अधिक घटतो आणि छटा गडद होत जाते. कोपऱ्यात हे सर्वांत ठळक दिसते. पांढरे छत हा परिणाम कमी करते.

खिडकी आणि दिवा
झाशी सुमारे २५.५° उत्तर अक्षांशावर आहे. तिथे उत्तरेच्या खिडकीतून बहुतेक वर्षभर आकाशाचा निळसर प्रकाश येतो, त्यात बेज राखाडी वाटू शकतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी तोच रंग नारिंगी होतो. दिव्याचेही तसेच: २७०० केल्व्हिनचा दिवा पिवळेपणा वाढवतो, ६५०० केल्व्हिनचा कमी करतो.

निवड कशी करावी?
१. आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट छटा घ्या.
२. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचे नमुने, प्रत्येकी दोन हात देऊन लावा.
३. वाळल्यावर सकाळी, दुपारी आणि रात्री घरातलाच दिवा लावून पाहा.
४. ओल असलेल्या भिंतीची गळती आधी थांबवा. नाहीतर कोणतीही छटा पोपडे धरून सुटेल.

नमुन्याचा लहान डबा आणि एक दिवस एवढाच खर्च येतो. पूर्ण खोली पुन्हा रंगवायची तर रंग, मजुरी आणि सामान हलवणे सगळे दुसऱ्यांदा करावे लागते.

स्वाध्याय
फिकट छटेची परावर्तने लाल ०.८० आणि निळा ०.६५ असतील, तर दुसऱ्या परावर्तनानंतरचे गुणोत्तर काढा. (उत्तर: सुमारे १.५.) हे वरच्या गडद छटेच्या कार्डावरील गुणोत्तराइतके का आले, आणि त्यावरून पहिला नियम कसा सिद्ध होतो, ते दोन वाक्यांत लिहा.