बोस्टनचा चहा, सुप्याची कर्जखते : अमेरिकेच्या आणि जगाच्या इतिहासाची उजळणी

मे महिन्याच्या पूर्वार्धात अमेरिकेतील हायस्कुलांचे लक्षावधी विद्यार्थी ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजेच ‘एपी’ परीक्षांना बसतात. ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था या परीक्षा घेते. निकाल १ ते ५ अशा श्रेणीत लागतो आणि ३, ४ वा ५ ही श्रेणी मिळाली, तर अनेक विद्यापीठे आपापल्या नियमांनुसार त्या विषयाचे श्रेयांक आधीच देऊन टाकतात. म्हणजे येथे केवळ गुणपत्रिकेची शोभा वाढत नाही. महाविद्यालयातील एका सत्राचा विषय आणि त्याचे शुल्क वाचण्याची शक्यता असते. परदेशी स्थायिक झालेल्या अनेक गोमंतकीय घरांतील मुले या परीक्षांना बसतात, भारतातील काही शाळांतही त्या घेतल्या जातात आणि त्यांतील इतिहासाच्या परीक्षांविषयी इकडच्या आजी-आजोबांना, मामा-मावशींना दूरध्वनीवरून हमखास ऐकायला मिळते. तक्रार बहुधा एकच असते : सनावळ्या लक्षात राहत नाहीत.

वास्तविक ही परीक्षा सनावळीची नाहीच. अमेरिकेच्या इतिहासाच्या परीक्षेची सध्याची रचना पाहिली तरी ते ध्यानात येते. सव्वातीन तासांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, तीन लघुत्तरी प्रश्न, एक कागदपत्रांवर आधारित निबंध आणि एक दीर्घ निबंध असे तिचे स्वरूप आहे. बहुपर्यायी प्रश्नांना ४० टक्के, लघुत्तरांना २०, कागदपत्रांच्या निबंधाला २५ आणि दीर्घ निबंधाला १५ टक्के भार आहे. बहुपर्यायी प्रश्नदेखील ‘अमुक लढाई केव्हा झाली’ असे विचारत नाहीत; एखादा उतारा, व्यंगचित्र वा नकाशा समोर ठेवून त्यामागचे कारण वा त्याचा परिणाम विचारतात. कागदपत्रांच्या निबंधात सात मूळ साधने दिलेली असतात. त्यांच्या आधारे युक्तिवाद उभा करायचा आणि दिलेल्या कागदांबाहेरचा निदान एक पुरावा स्वतःच्या अभ्यासातून द्यायचा, अशी अपेक्षा असते. जगाच्या इतिहासाची परीक्षाही याच साच्यातली आहे.

आपल्याकडे ‘टीपा लिहा’ आणि ‘कारणे द्या’ या मुशीत घडलेल्या पिढीला हा प्रकार अंमळ परका वाटतो. पण ‘कारणे द्या’ हा प्रश्न नीट सोडवणाऱ्याला ही परीक्षा जड जाऊ नये. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी.

तेथील बहुतेक शाळांत जगाचा इतिहास दहावीला आणि अमेरिकेचा इतिहास अकरावीला असतो. त्यामुळे दोन वह्या तयार होतात. दहावीची वही मे महिना उलटला की फडताळात जाते आणि अकरावीत अमेरिकेचा इतिहास जणू त्या खंडापलीकडे जगच नव्हते अशा थाटात वाचला जातो. उजळणीला बसताना पहिली गोष्ट करावी ती ही, की जुनी वही बाहेर काढून नव्या वहीशेजारी उघडी ठेवावी. सांगून भागत नाही, म्हणून १७५६ पासूनची एक साखळी येथे धरून पाहू.

१७५६ ते १७६३ या काळात युरोपात सप्तवार्षिक युद्ध झाले. अमेरिकेतील त्याचा भाग दोन वर्षे आधीच, १७५४ मध्ये पेटला होता. ब्रिटन जिंकला, कॅनडा त्याच्या हाती आला. पण त्याचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले. हे कर्ज फेडायचे कोणी? लंडनच्या पार्लमेंटचे म्हणणे असे पडले की, ज्या वसाहतींच्या संरक्षणासाठी फौजा ठेवायच्या, त्यांनीही काही भार उचलावा. त्यातून १७६५ चा मुद्रांक कायदा आला आणि विरोधामुळे वर्षभरात रद्दही झाला. १७६७ मध्ये काच, कागद, रंग, चहा यांवर नवे कर लादले गेले. तेही मागे घ्यावे लागले. मात्र चहावरचा कर तेवढा ठेवला गेला. पैशांपेक्षा कर लावण्याचा अधिकार सोडायचा नाही, हा त्यातला मुद्दा होता.

येथे जगाच्या इतिहासाची वही उपयोगी पडते. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनी आर्थिक गर्तेत सापडली होती. १७७० च्या भीषण दुष्काळाने बंगाल उजाड झाला होता, कंपनीचा लष्करी खर्च वाढत होता आणि लंडनच्या वखारींत न विकलेला चहा साचून राहिला होता. कंपनीला सावरण्यासाठी पार्लमेंटने १७७३ मध्ये चहाचा कायदा केला आणि तिला तो थेट अमेरिकेत स्वस्तात विकण्याची मुभा दिली. चहा स्वस्त होऊनही बोस्टनकर चिडले, कारण त्यावरचा कर कायम होता आणि स्थानिक व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या चहा समुद्रात गेला. हा चहा चिनी होता, हेही लक्षात असू द्यावे. भारतातील चहाचे मळे पुढच्या शतकातले. आपल्याकडच्या वाचकाची येथे हटकून गल्लत होते.

१७७५ मध्ये अमेरिकेत युद्धाला तोंड लागले आणि त्याच वर्षी पश्चिम भारतात पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. १७८० पासून हैदरअलीही मैदानात होता. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. मागोमाग स्पेन आणि हॉलंडही ब्रिटनशी लढू लागले. ब्रिटनला एकाच वेळी किती आघाड्या सांभाळाव्या लागत होत्या, हे या दोन वह्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. मराठ्यांशी सालबाईचा तह १७८२ मध्ये ग्वाल्हेरजवळ झाला, अमेरिकेशी पॅरिसचा तह १७८३ मध्ये. याचा अर्थ मराठ्यांमुळे अमेरिका स्वतंत्र झाली असा नव्हे. तसे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण जातील आणि ते योग्यच होईल. पण ब्रिटनला अमेरिकेवर सारी शक्ती एकवटता आली नाही, या विधानाला हा भक्कम आधार आहे. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली, तो कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला आणि १७९३ मध्ये त्याने बंगालमध्ये कायमधारा पद्धत लागू केली. एकाच साम्राज्याचा नोकरवर्ग दोन्ही गोलार्धांत फिरत होता.

पुढची कडी फ्रान्सची. अमेरिकेला मदत करताना फ्रेंच राजाचा आधीच खिळखिळा झालेला खजिना रिता झाला. नवे कर बसवण्यासाठी मे १७८९ मध्ये इस्टेट्स जनरल ही सभा बोलवावी लागली आणि तिथून क्रांतीचा भडका उडाला. क्रांतीच्या घोषणा फ्रान्सच्या कॅरिबियन वसाहतीतील, म्हणजे आजच्या हैतीतील गुलामांच्या कानी गेल्या. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला. नेपोलियनने तो मोडण्यासाठी पाठवलेली फौज लढाईत आणि पीतज्वरात गारद झाली. हैतीच हातचे गेल्यावर अमेरिका खंडातील साम्राज्याचे स्वप्न गुंडाळून त्याने १८०३ मध्ये लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेला दीड कोटी डॉलरना विकून टाकला. अमेरिकेचे क्षेत्रफळ सुमारे दुप्पट झाले. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. म्हणजे अमेरिकेच्या विस्ताराला ज्या घटनेने वाट करून दिली, ती गुलामांनी स्वतः मिळवलेल्या स्वातंत्र्याची होती. आणि त्या विस्तारातून वाढली काय, तर गुलामगिरी. खुद्द हैतीला अमेरिकेने मान्यता दिली ती १८६२ मध्ये. या संपूर्ण अभ्यासक्रमात याहून बोचरा विरोधाभास क्वचितच सापडेल, आणि उत्तम निबंध अशाच ठिकाणी लिहिले जातात.

गुलामगिरी वाढण्याचे दुसरे कारण यांत्रिक होते. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. सरकी झटपट निघू लागताच कापूस पिकवणे कमालीचे किफायतशीर झाले. वेचणी मात्र हातानेच करावी लागे. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये सुमारे ४० लाखांवर पोचली, तीही १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी असताना. तोवर ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून येत होता. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला परवानगी द्यायची की नाही, या वादावर १८२० ची मिसुरी तडजोड, १८५० ची तडजोड असे बांध घालून पाहिले गेले. १८६१ मध्ये ते फुटले आणि यादवी युद्ध पेटले.

उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना ओस पडू लागल्या. त्यांनी मोहरा भारताकडे वळवला. मुंबईत कापसाचे भाव कडाडले, पैशांचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे चढले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि काही महिन्यांत मुंबईचा तो बुडबुडा फुटला. बँक ऑफ बॉम्बे डबघाईला येऊन १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तेजीच्या काळात शेतकऱ्याला सहज मिळणारे कर्ज आटले. सरकारने शेतसारा मात्र वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली, कर्जखते आणि वह्या जाळल्या. दख्खनच्या दंग्यांची कारणे अनेक होती, अमेरिकेचे युद्ध हे त्यांतले एक. कोणत्या कारणाला किती वजन द्यायचे हा वाद इतिहासकारांत आहेच. विद्यार्थ्याने तो लपवू नये. गुणदानाच्या नियमावलीत अशा गुंतागुंतीच्या मांडणीसाठी एक गुण राखून ठेवलेला असतो आणि तोच सर्वांत दुर्मीळ ठरतो.

या साखळीत सनावळी किती लागली? पंचवीस-तीस साले. पण त्यांतले कोणतेही एक विसरले तरी अलीकडचे-पलीकडचे दुवे ते हुडकून देतात. सुटी पाठ केलेली साले मात्र परीक्षेच्या सकाळी एकमेकांत मिसळून जातात.

यादवी युद्धानंतरची पुनर्रचना, १८६५ ते १८७७, हा भाग विद्यार्थी घाईने उरकतात. तो उरकू नये. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. या प्रयोगाच्या ऐन मध्यावर, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. चारच वर्षांनी केंद्राच्या फौजा दक्षिणेतून निघाल्या. कृष्णवर्णीयांचे हक्क हिरावले जाऊ लागले आणि १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी विलगतेला मान्यता दिली. ती चूक दुरुस्त व्हायला १९५४ चा ब्राउन खटला यावा लागला, मताधिकाराचा परिणामकारक कायदा तर १९६५ चा. ‘काय बदलले, काय तसेच राहिले’ या आवडत्या प्रश्नप्रकारासाठी इतके नेमके उदाहरण दुसरे नाही.

वेळेच्या वाटणीबाबत एक सूचना आवश्यक आहे. अमेरिकेच्या अभ्यासक्रमाचे १४९१ पासून आजवर नऊ कालखंड आहेत, पण त्यांचा भार सारखा नाही. पहिल्याला आणि नवव्याला प्रत्येकी ४ ते ६ टक्के, दुसऱ्याला ६ ते ८, तर तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत, म्हणजे साधारण १७५४ ते १९८० या काळातील प्रत्येक खंडाला १० ते १७ टक्के. कोलंबस आणि आरंभीच्या वसाहती घोळवत बसणारा विद्यार्थी शीतयुद्धापर्यंत पोचतच नाही. जगाच्या इतिहासाचा अभ्यासक्रम १२०० पासून सुरू होतो.

शीतयुद्ध आणि वसाहतींची मुक्ती ही प्रकरणेही जोडीनेच वाचावीत, आणि त्यासाठी गोव्याच्या विद्यार्थ्याजवळ घरचेच उदाहरण आहे. वसाहतवादाला विरोध हे अमेरिकेचे घोषित धोरण. पण पोर्तुगाल हा १९४९ पासून ‘नाटो’चा संस्थापक सदस्य आणि अझोर्स बेटांवरील तळ अमेरिकी विमानांना हवा होता. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरलेले असताना सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा आणि भारताने माघार घेण्याचा ठराव आला. अमेरिकेने तो पुढे रेटला, सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून पाडला. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणातील ओढाताण दाखवण्यासाठी कागदपत्रांबाहेरचा पुरावा हवा असेल, तर तो येथे आयता मिळतो. १५१० ची गोव्याची पोर्तुगीज स्वारी, समुद्रावरचे परवाने अर्थात कार्ताझ, आणि पोर्तुगीज जहाजांतून अमेरिका खंडातून आलेले काजू, मिरची व अननस ही उदाहरणे जगाच्या इतिहासातील सागरी साम्राज्यांच्या प्रकरणात अशीच कामी येतात.

सरावासाठी मागील वर्षांचे लेखी प्रश्न आणि त्यांची गुणदान-नियमावली कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. नियमावली आधी वाचावी, मग निबंध लिहावा आणि दुसऱ्या दिवशी आपणच तो त्या नियमावलीने तपासावा. कागदपत्रांच्या निबंधासाठी एक तास असतो. त्यातली पहिली पंधरा मिनिटे निव्वळ वाचनासाठी ठेवण्याची शिफारस आहे. २०२५ पासून इतिहासाच्या या परीक्षा संगणकावर होतात, तेव्हा सरावाचे निबंधही वहीत न लिहिता कळफलकावर, घड्याळ लावूनच लिहावेत.