‘पॉझिटिव्ह’चा हिशेब

रक्ततपासणीचा कागद हाती पडला की आपण बाकी सारे सोडून एकच शब्द शोधतो. ‘निगेटिव्ह’ असेल तर कागद घडी घालून खिशात जातो आणि ‘पॉझिटिव्ह’ असेल तर पायाखालची जमीन सरकते. एचआयव्हीच्या बाबतीत तर तो शब्द म्हणजे शेवटचा निकालच मानला जातो. पण त्या शब्दावर कितपत विश्वास ठेवायचा, हे रक्त कुणाचे आहे यावर बरेचसे अवलंबून असते. ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते. काही दवाखान्यांतही नसते, असे म्हटले तर डॉक्टरमंडळींनी रागावू नये.

माझी हयात बँकेत गेली, म्हणून नोटांचेच उदाहरण घेतो. समजा, एक कॅशियर असा आहे की बनावट नोट त्याच्या नजरेतून सुटत नाही. मात्र अतिसावधपणापायी हजार खऱ्या नोटांमागे पाच तो उगाचच बाजूला काढतो. ज्या शाखेत दहा हजारांत एखादीच बनावट नोट येते, तिथे त्याने काढलेल्या पन्नास-एक्कावन्न नोटांत खरोखर बनावट किती? एक! तोच कॅशियर शंभरात दहा नोटा खोट्या असलेल्या बाजारात बसवला, तर दहा हजारांत हजार खोट्या नोटांबरोबर खऱ्या अवघ्या पंचेचाळीस निघतील.

एचआयव्हीची एलायझा चाचणी या कॅशियरच्या जातीची. १९८५ साली अमेरिकेत ती आली, ती मुख्यतः रक्तपेढ्यांसाठी. एकही बाधित पिशवी सुटू नये म्हणून तिची जाळी मुद्दाम बारीक ठेवलेली. चार चांगल्या पिशव्या वाया गेल्या तर बिघडत नाही. माणसाचे तसे नसते. शिवाय ही चाचणी मुळात विषाणू नव्हे, तर शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधते आणि दुसऱ्याच कारणाने तयार झालेल्या प्रतिपिंडांनी ती कधी कधी फसते.

२००१ सालची गोष्ट. आमच्या घरोब्यातल्या एका मुलीची पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात तपासणी झाली. खासगी लॅबमध्ये, एकच चाचणी. निकाल तिच्या आधी सासऱ्यांच्या कानी गेला आणि संध्याकाळच्या एसटीने तिची माहेरी रवानगी झाली. नवऱ्याचे रक्त तपासावे असे कुणाच्याही मनात आले नाही! सरकारी रुग्णालयात पुन्हा तपासण्या होऊन सारे निगेटिव्ह ठरेपर्यंत अकरा दिवस गेले. ती सासरी परतली, पण त्या घरात तिचे पाण्याचे भांडे पुढे कितीतरी दिवस वेगळेच राहिले.

हा हिशेब न मांडता सरकारेही कायदे करतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १९८८ च्या जानेवारीपासून लग्नाच्या परवान्यासाठी एचआयव्ही चाचणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदारांत बाधित निघाले फक्त आठ. खर्च सुमारे पंचवीस लाख डॉलर. जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्ने उरकू लागली, परवाने बावीस टक्क्यांहून अधिक घटले आणि १९८९ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. तरी २००६ मध्ये आपल्या शेजारी गोव्यात तसाच विचार पुढे आलाच.

आता चाचण्या पुष्कळ सुधारल्या आहेत, पण गणित बदललेले नाही. म्हणून तर आपल्याकडे लक्षणे नसलेल्या माणसाला बाधित ठरवण्याआधी तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या चाचण्या जुळाव्या लागतात. संमतीवाचून तपासणी करायची नाही आणि निकाल गुप्त ठेवायचा, हे २०१७ च्या कायद्यात आहे. निगेटिव्ह निकालालाही एक पुस्ती असते. संसर्ग अगदी ताजा असेल तर सुरुवातीचे काही आठवडे तो चाचणीत दिसत नाही.

तेव्हा गल्लीतल्या लॅबचा कागद आला, तर किती चाचण्या झाल्या ते आधी विचारावे. एकच झाली असेल, तर सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे. तिथे पैसे पडत नाहीत. आणि पक्का निकाल हाती येईपर्यंत सासरी-माहेरी कुणाला फोन करू नये.