युवक प्रबोधिनी, फुटबॉल क्लबांची
धंदेवाईक फुटबॉल क्लबाने उदयोन्मुख खेळाडू घडविण्यासाठी चालविलेली प्रशिक्षणसंस्था. प्रशिक्षक, मैदाने, वैद्यकीय सेवा, निवास व शिक्षण यांवर तिचा खर्च होतो. प्रशिक्षणार्थींपैकी फारच थोडे धंदेवाईक खेळाडू होतात. म्हणून क्लबाचे सर्वसाधारण उत्पन्न व संघटनांची अनुदाने यांखेरीज थोड्यांच्या बदलीतून मिळणाऱ्या मोबदल्यावर अनेकांचे प्रशिक्षण अवलंबून असते.

यूरोपीय न्यायालयाच्या बॉसमन निकालाने (१९९५) करार संपलेल्या खेळाडूस यूरोपीय संघात विनामोबदला क्लब बदलता येऊ लागला व या उत्पन्नास धक्का बसला. यास्तव ‘फिफा’ने २००१ मध्ये दोन तरतुदी केल्या. खेळाडू २३ व्या वर्षापर्यंत परदेशी क्लबाकडे धंदेवाईक म्हणून गेल्यास प्रशिक्षणाची भरपाई द्यावी लागते. तसेच करार चालू असताना झालेल्या आंतरराष्ट्रीय बदलीच्या मोबदल्यातील ५ टक्के रक्कम त्याला १२ ते २३ या वयात शिकविणाऱ्या क्लबांत वाटली जाते : १५ व्या वर्षापर्यंत प्रतिवर्षी ०·२५ टक्के व पुढे ०·५ टक्के. म्हणजे पहिली चार वर्षे शिकविणाऱ्या क्लबास १० लाख यूरोंच्या बदलीतून १० हजार यूरो मिळतात. हा वाटा मागणी न करताही पोहोचावा, यासाठी ‘फिफा’चे समाशोधनगृह २०२२ मध्ये सुरू झाले. मोठ्या क्लबास ही रक्कम किरकोळ असली, तरी लहान क्लबाची प्रबोधिनी चालू राहणे पुष्कळदा तीवरच अवलंबून असते.