पडद्यांच्या आधी टेप

"डेकोरेटर म्हणजे पडदे आणि रंग. त्यात कसलं आलंय करिअर?" असं बाबा म्हणायचे. दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला घरी गेलो, तेव्हा आजीची चाकाची खुर्ची बाथरूमच्या दारात अडली. मी टेप लावला. खुर्ची 25 इंच, दार 24 इंच! एका इंचासाठी आजीला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागत होती.

मग मी वाचायला लागलो. अशा खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 35 इंच हवी. खुर्ची वळवायला सुमारे 5 फूट जागा हवी. गवंडीकाकांनी भिंत फोडली, सुतारकाकांनी नवी, रुंद चौकट बसवली.

मित्रांनो, या कामाची सुरुवात मापापासून होते. आपल्या खोलीचा नकाशा 1:50 प्रमाणात काढून पाहा. 2 मीटरचा पलंग कागदावर 4 सेंटिमीटरचा होतो. कपाटाचं दार पलंगाला आपटतं का, ते लगेच कळतं.

आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला 1972 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. डेकोरेटरला ती लागत नाही. त्यामुळे त्याची ओळख कामावरूनच ठरते. म्हणून शिक्षण हवंच. बारावीनंतर मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट किंवा प्रवेश परीक्षा देऊन अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, असे मार्ग आहेत.

मी एन.डी.ए.लाच जावं, असं बाबांना अजूनही वाटतं. पण परवा फोनवर त्यांनी विचारलं, "पुढच्या सुट्टीत स्वयंपाकघराचं माप घेशील का?"