दगड हलला नाही, मग हसलं कोण?

अजिंठ्याच्या पहिल्या लेणीत, गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीपुढे गाइड मंडळी एक जुना खेळ करून दाखवतात. विजेरीचा झोत एका बाजूने टाकला की धर्मचक्रमुद्रेतला बुद्ध किंचित हसल्यासारखा दिसतो. दुसऱ्या बाजूने टाकला की तोच चेहरा गंभीर होतो आणि समोरून टाकला की ध्यानस्थ. पाहणारे ‘वा!’ म्हणतात आणि पुढच्या लेणीकडे निघतात. संभाजीनगरात मानसशास्त्र शिकवत होतो तेव्हा नव्या मुलांना मी तिथे घेऊन जायचो. गाइडचं सांगून झालं की माझा एकच प्रश्न असे: दगड तर हलला नाही, मग हसलं कोण?

‘कलाकाराची कमाल’ हे उत्तर ठरलेलं. ती आहेच. पाचव्या शतकातल्या त्या हातांना छिन्नीबरोबर सावलीही कळत होती. पण निम्मं काम आपला मेंदू करतो. डोळ्यांपर्यंत पोचतो तो फक्त उजेड आणि अंधार. त्यातलं उंच काय, खोल काय, ओठ वर वळलेत की खाली, हे मेंदू अंदाजाने ठरवतो आणि आपल्याला वाटतं की आपण ते ‘पाहिलं’. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याला नकळत काढलेलं अनुमान म्हणत असे. आपल्याकडचे व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली छायांकित वर्तुळांचे साधे प्रयोग करून दाखवलं की मेंदू उजेड वरून येतोय असं गृहीत धरतो. सूर्य डोक्यावर असतो, दिवा छताला असतो, त्यामुळे हे गृहीतक सहसा फसत नाही. फसवायचंच असेल तर वरच्या बाजूने उजेड पडलेल्या इडलीपात्राचा फोटो मोबाइलमध्ये उलटा करून पाहा. खळग्यांचे उंचवटे होतात.

मानसशास्त्राचा पाया मला इथे दिसतो. आपल्याला जे ‘वाटतं’ ते आधी तपासायचं. गंमत म्हणजे लोकांची कल्पना नेमकी उलटी असते. लग्नाच्या पंगतीत माझा विषय कळला की शेजारचा गृहस्थ हमखास म्हणणार, “मग सांगा, माझ्या मनात काय चाललंय?” मी जिलबी म्हणतो. बहुतेक वेळा बरोबर येतं.

तपासायचं म्हणजे मोजायचं, आणि मोजण्याची सुरुवात अगदी भाजीच्या पिशवीपासून झाली. अर्धा किलोच्या पिशवीत पन्नास ग्रॅम मिरच्या पडल्या तर हाताला कळतं. दहा किलोचं ओझं उचलून औरंगपुऱ्याच्या मंडईतून निघालात आणि कुणी गुपचूप तेवढ्याच मिरच्या टाकल्या, तर पत्ता लागत नाही. वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात हेच वजनांवर पाहिलं. फरक जाणवण्यासाठी किती भर लागेल हे मूळ ओझ्याच्या प्रमाणात ठरतं. फेकनरने १८६० साली त्याला गणिती रूप दिलं. मनातली गोष्ट मोजता येते, हा त्या काळातला मोठाच धक्का होता. १८७९ साली विल्हेल्म वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा उघडली आणि तत्त्वज्ञानाच्या घरातून मानसशास्त्र वेगळं निघालं, असं पाठ्यपुस्तकं सांगतात.

वुंटच्या परंपरेतल्या काहींना मनाचे सुटे भाग करायचे होते: ही संवेदना, ही भावना, ही प्रतिमा. ते शिकवताना मला आपल्याच शहरातलं नागसेनवन आठवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद राजाचं नाव मिळालं आणि परिसराला नागसेनाचं. पाली ग्रंथात या ग्रीक राजाला भिक्खू नागसेन प्रश्नामागून प्रश्न विचारतो. रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? यांतलं एकही रथ नाही आणि हे सगळं वगळलं तर रथ उरतही नाही. विसाव्या शतकात गेस्टाल्ट पंथाच्या जर्मनांनी सुट्या भागांच्या मानसशास्त्रावर घेतलेली हरकत याच्या बरीच जवळ जाते. नागसेनाने प्रयोगशाळा काढली नव्हती हे मान्य, पण खोदून प्रश्न विचारण्याची सवय या मातीला परकी नव्हती.

भारतात हा विषय विद्यापीठात आला तो कलकत्त्याला, १९१६ साली. विभागाचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकलेले, आणि म्युन्स्टरबर्ग स्वतः वुंटचे शिष्य. म्हणजे लाइपझिग ते कलकत्ता दोनच पिढ्या. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इथलं विद्यापीठ यायला १९५८ उजाडलं. मराठीत मात्र बुद्धीची मोजपट्टी आधीच आली होती. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत देता यावी म्हणून चाचणी केली. तिची अमेरिकेत वाढलेली आवृत्ती व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात धारवाडकडे मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे दवाखान्यादवाखान्यांत गेली. इथे माझी एक तक्रार आहे. बिनेला मदतीसाठी मुलं शोधायची होती. आपण आकडा मिळाला की तो मुलाच्या कपाळावर चिकटवतो. शिवाय तुलनेसाठी वापरायचे सरासरी गुण पिढीगणिक शिळे होतात, हे पालकांना कुणी सांगत नाही.

प्रयोग म्हणजे काय हे अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना लवकर समजतं, कारण दुखणं त्यांचं असतं. स्पर्धा परीक्षेची मुलं पिवळ्या रेघा मारून तेच पान चार वेळा वाचतात आणि ‘झालं पाठ’ म्हणतात. एबिंगहाउसने १८८५ साली निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून विस्मरणाचा आलेख काढला होता. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली एक पाऊल पुढे टाकलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र पालटलं: त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. एवढी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं सारखं ठेवायचं, यालाच प्रयोग म्हणतात.

पण आयुष्यातलं सगळं असं हातात धरून बदलता येत नाही. पैशाच्या ओढाताणीने डोकं चालेनासं होतं का? कुणाला मुद्दाम गरीब करून पाहता येणार नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी निवडले. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, म्हणून तोच माणूस तोडीआधी तंगीत असतो आणि तोडीनंतर सैल. तोडीआधी त्यांना आकृत्यांची कोडी कमी सुटली. कुणी म्हणेल, दुसऱ्या वेळी सरावाने सुधारले असतील. म्हणून काही शेतकरी राखून ठेवून त्यांची पहिली चाचणी तोडीनंतरच घेतली होती. या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, आणि व्हायलाच हवेत. मला मात्र त्यातला दृष्टिकोन आवडतो. उशिरा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याला ‘अडाणी’ म्हणण्याआधी कॅलेंडर पाहायचं. कन्नड-गंगापूरकडच्या ऊसवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

शाखांची यादी मी देत नाही, ती कुठल्याही गाइडात मिळते. वरचं सगळं वाचताना तुम्ही संवेदन, बोधन, मापन, शिक्षण अशा चार-पाच शाखांतून फिरून आला आहात. सर्वांत गर्दीची शाखा चिकित्सेची. तिथला गोंधळ तेवढा निस्तरतो: मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढे शिकलेला, औषध लिहून देणारा डॉक्टर. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादोपचार करतो, आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसतं एम.ए. पुरत नाही.

डॉक्टर अपुरे असतील तर? राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या माणसाची पहिली पायरी म्हणजे आपलं घाटी रुग्णालय. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न प्रयोगाने सोडवून पाहिला. २४ दवाखान्यांपैकी कुठे नवी पद्धत आणायची हे योगायोगावर सोपवलं आणि निवडलेल्या ठिकाणी प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक बसवले. २०१० साली आलेले आकडे असे: सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशकांकडचे जवळजवळ ६६ टक्के रुग्ण सावरले, नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. माझा तर्क असा, की ओळखीचा फॅमिली डॉक्टर मुळातच चार शब्द बोलत असावा. तुलनेला दुसरा गट नसता तर खासगीतलं श्रेयही समुपदेशकांनाच गेलं असतं.

आपल्याकडे २०१५ साली राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात हे काम आशाताईंकडे आलं, शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यांत. घरोघरी जायचं, प्रश्न विचारायचे. आणि प्रश्न विचारणं ही सोपी पद्धत आहे असं ज्याला वाटतं, त्याने ती कधी वापरलेली नसते. आमच्या मुलांनी एकदा पैठण तालुक्यातल्या एका गावात इंग्रजीतून आणलेली प्रश्नावली नेली. ‘उदास वाटतं का?’ या प्रश्नावर एक मावशी म्हणाल्या, “आम्हाला कुठं उदास व्हायला टाइम हाय?” विद्यार्थिनीने ‘नाही’वर खूण केली. मग कागद बाजूला ठेवून तिने सहज विचारलं, “मावशी, करमतं का?”

“कुठं करमतंय बाई. पीठ मळता मळता हात थांबतो. किती वेळ थांबला ते बी कळत न्हाई.”

पुढच्या खर्ड्यात ‘करमतं’ हा शब्द आला. पण प्रश्न बदलला म्हणजे मोजपट्टी बदलली, त्यामुळे जुन्या खुणा रद्द करून आधीच्या सगळ्या घरी पुन्हा जावं लागलं. मुलं कुरकुरत गेली. या खेपेला मावशींनी आधी चहा टाकला, आणि प्रश्नावली संपायला तासाच्या जागी अख्खी दुपार गेली.